यंदाचं प्राधान्य

चर्चच्या तळघरात, जिथं पूर्वी लग्नाची जेवणं उठायची,
तिथं माझं टेबल. टेबलावर हजेरीचा कागद, शिक्का
आणि सेंट जॉन्सहून आलेली फाइल.
फाइलचा रंग दर एप्रिलात बदलायचा.

कॉड संपला, म्हणून सरकारनं समुद्र बंद केला.
समुद्र बंद करता येतो, हे आम्हाला तेव्हाच कळलं.
पाण्यात राहून माशाशी वैर आम्ही धरलं नव्हतं,
ते मोठ्या ट्रॉलरांनी धरलं, आणि ते निघून गेले.
होड्या किनाऱ्यावर उपड्या पडल्या
आणि माणसं जिना उतरून माझ्याकडे आली,
मयताला यावं तशी, टोप्या हातात घेऊन.

पहिल्या वर्षी प्राधान्य साक्षरतेला.
एल्ड्रेड टल्क, वय चौपन्न,
वाऱ्याचा वास घेऊन उद्याचं सांगणारा,
पेन्सिल अशी धरायचा, जणू सुटली तर बुडेल.
'बी'चं पोट कुठल्या बाजूला आणि 'डी'चं कुठल्या
यात त्यानं अख्खा हिवाळा काढला.
मार्चात एक पत्र आलं. म्हणाला, थांब, मी वाचतो.
बोट ठेवत, अडखळत, पुन्हा मागे जात
त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं
की हा वर्ग शुक्रवारपासून बंद.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
करणार काय, एकही शब्द चुकला नव्हता.

दुसऱ्या वर्षी केशकर्तन.
का, ते मला विचारू नका. फाइल गुलाबी होती.
अकरा जणी पास झाल्या. गावात डोकी एकशे चाळीस,
त्यांतली तीस टकली.
ब्लँच पिंकनं वीस वर्षं कारखान्यात मासे सोलले होते;
कान म्हणजे कल्ला नव्हे, असं स्वतःला बजावत
ती कात्री चालवायची.
त्या उन्हाळ्यात आमच्याइतके नीटनेटके बेकार
साऱ्या किनाऱ्यावर नसतील.

मग संगणक आले, सहा. त्यांतले चार चालायचे.
'कामाचा अनुभव' या चौकटीत
गिडियन स्ट्रिकलंडनं एका बोटानं टाइप केलं: समुद्र.
शिकवणारा पोरगा म्हणाला, हे कौशल्य नाही, काका.
लिहा, संघभावना. लिहा, वेळेचं भान.
गिडियननं लिहिलं. मग बराच वेळ
पडद्याकडे बघत बसला,
धुक्यात दुसऱ्याची होडी दिसल्यासारखा.

पुढं तिशीच्या आतल्यांनाच प्राधान्य.
त्याच्या पुढं, जाणाऱ्यांना.
अल्बर्टाचं तिकीट, एका बाजूचं,
आणि सामानासाठी वेगळे पैसे.
हे प्रशिक्षण मात्र सगळ्यांना चटकन जमलं.
अकरातल्या नऊ जणी गेल्या. ब्लँचही गेली.
जाताना कात्री माझ्याकडे ठेवून गेली,
तिथं काय, मिळतील म्हणाली.

एकदा वरून एक बाई आल्या, चांगल्या होत्या,
कॉफी गार होऊ दिली, पण प्याल्या.
विचारलं, या योजनेतून गावात
एकूण किती जण कामाला लागले?
मी पाचही फाइली चाळल्या. बोटं मोजली.
मग लिहिलं: एक.
कोण, ते त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही की ती मीच.

त्या एकाचंही प्राधान्य मार्चअखेर संपलं.
कॉफीचं भांडं चर्चला परत केलं, खुर्च्या रचल्या.
जिन्यावर बूट वाजले. एल्ड्रेड.
हजेरी आहे का गं आज?
नाही, म्हटलं.
तरी कागद ओढून घेतला त्यानं, आणि पेन्सिल,
आणि पूर्ण नाव लिहिलं.
दोन्ही 'डी'ची पोटं बरोबर त्या बाजूला.

शिक्का मारायचा होता मला.
पण तो मी सकाळीच खोक्यात बांधला होता,
आणि खोक्यावर पत्ता होता सेंट जॉन्सचा.